एक जर्मन शब्द, दोन इंग्रजी मथळे

जर्मन माणसाला इंग्रजी सोपं जात असणार, असं आपण धरूनच चालतो. दोन्ही भाषा एका घरातल्या. तिकडं हांड, इकडं हँड. पण मंडळी, जर्मनभाषक विद्यार्थी अडखळतो तो लांबलचक शब्दांपाशी नाही. त्याच्याकडं नाम एकच असतं आणि इंग्रजी त्याच्यासमोर दोन ठेवते, तिथं तो थांबतो.

साधं बघा. झाडाखाली आपण बसतो ती 'शाटन' आणि भिंतीवर पडते तीही 'शाटन'. इंग्रजीत पहिली शेड, दुसरी शॅडो. आपलीही 'सावली' दोन्हीकडं चालते, त्यामुळं आपली पोरंही इथंच चुकतात. चुकू देत. कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते 'पोलिटीक'पाशी. मराठीत राजकारण वेगळं, धोरण वेगळं. इंग्रजीतही पॉलिटिक्स आणि पॉलिसी. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द. जोडशब्द असला तर सुटका होते: 'आउसनपोलिटीक' म्हणजे परराष्ट्र धोरण, 'पार्टायपोलिटीक' म्हणजे पक्षीय राजकारण. शब्द एकटा आला की मात्र शिकणाऱ्याला ठरवावं लागतं की हा सत्तेचा झगडा आहे की सरकारनं आखलेला मार्ग. "हे पॉलिटिक्स आहे" ही टीका झाली, "ही पॉलिसी आहे" ही घोषणा.

प्रशियाचा सेनानी क्लाउझेवित्स. त्याचा युद्धावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये आला. युद्ध हा पोलिटीकचाच पुढचा भाग, असं तो मानतो. आता इंग्रजीत काय लिहायचं? हॉवर्ड आणि पॅरेट यांच्या 1976 च्या भाषांतराचा कल पॉलिसीकडं आहे. त्यावरून अभ्यासकांत वाद आहे, आणि तो पोकळ नाही. पॉलिसी म्हटलं की युद्ध हे विचारी सरकारच्या हातातलं हत्यार वाटतं. पॉलिटिक्स म्हटलं की त्यात भांडणं, गट, द्वेष, खुर्ची सगळं येतं. मला विचाराल तर दुसरं जास्त खरं वाटतं.

आणि 'शुल्ड'! इथं इंग्रजी चार दारं उघडते: गिल्ट, ब्लेम, फॉल्ट, डेट. सायकल धडकली तर जर्मन पोरगा बिचारा "इट इज माय गिल्ट" म्हणून मोकळा होतो, जणू कोर्टात उभा आहे. तिथं हवं असतं साधं फॉल्ट. अनेकवचनात 'शुल्डन' झालं की बहुतेक वेळा पैशाचं कर्ज.

तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1946 मध्ये नाझी राजवटीच्या 'शुल्ड'वर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी या एका शब्दाचे चार भाग केले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि त्यापलीकडचा. फौजदारी दोष ज्यानं केलं त्याचाच. राजकीय दोषाची भरपाई मात्र सगळ्या नागरिकांवर. इंग्रजी आवृत्तीच्या नावात 'गिल्ट' आलं. नुसतं नाव वाचणाऱ्याला अख्खा देश आरोपीच्या पिंजऱ्यात दिसणार.

पुढं 1953 च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं परकीय कर्ज माफ झालं. जर्मनमध्ये त्या कराराच्या नावातही हाच शब्द, 'शुल्डन'. माफ करणाऱ्यांत ग्रीसही होता. 2010 नंतर ग्रीसच कर्जात बुडाला, तेव्हा जर्मन चर्चेत कर्ज आणि दोष एकमेकांत मिसळतात, अशी टीका बऱ्याच जणांनी केली. शब्दच तसा आहे. पण सगळा दोष शब्दावर ढकलणंही बरोबर नाही. कर्ज आणि गुन्हा यांना वेगळे शब्द असूनही आपण 'कर्जमाफी' म्हणतोच की. माफी गुन्ह्याला असते. म्हणून तर शेतकरी चळवळीनं 'कर्जमुक्ती'चा आग्रह धरला आणि 2019 च्या सरकारी योजनेच्या नावातही कर्जमुक्तीच आलं.

म्हणून जर्मनभाषक विद्यार्थ्याला जोड्यांची यादी पाठ करायला लावून भागत नाही. त्याला प्रश्न विचारायला शिकवावं लागतं. पैसा आहे का? कोर्ट आहे का? की नुसतं एकमेकांकडं बोट दाखवणं चाललंय? उत्तर मिळालं की नाम आपोआप मिळतं.

आमच्यासारख्या छोट्या गावातल्या पेपरवाल्याला याचं काय? आमच्याकडं बर्लिनची बातमी येते ती एजन्सीच्या इंग्रजीतून. मंत्री जर्मनमध्ये बोलतो, तिकडं कुणीतरी घाईत दोनपैकी एक नाम उचलतो आणि आम्ही त्याचा मराठी मथळा करतो. म्हणून जर्मन पुढाऱ्याच्या तोंडी 'पॉलिटिक्स' दिसलं की मी आधी बघतो, तो बोलला कुठल्या भाषेत.