पलंग उचलणारा मुलगा

छंदाचा उपयोग विचारणाऱ्यांना मी जरा भिऊनच असतो. पुण्यात १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत असे प्रश्नकर्ते फार भेटतात. पाऊस लागला की कॉलेजातली पोरे रात्ररात्र तालमींत बुडतात. सदाशिव पेठेत दोघांत एक चहा घेऊन एका वाक्यावर तासभर भांडतात. (इतके भांडण माझ्या तासाला झाले, तर मी पेढे वाटीन!)

एका विद्यार्थ्याचे वडील तक्रार घेऊन आले. "काम तरी काय, सर? अंधारात पलंग उचलायचा!"

मी त्यांना भरत नाट्य मंदिरात नेले. आरोळ्या थांबल्या. प्रवेश संपला, अंधार झाला, पुन्हा उजेड आला. पलंग नाहीसा झाला होता, आणि खुट्ट म्हणून वाजले नव्हते. बाहेर छत्री उघडता उघडता गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्या टोकाला कोण होतं हो?"