कुंपणावरच्या गप्पांचे गाव : भिलाई

भिलाईचे नाव काढले की डोळ्यांसमोर येतात धुराडी, धगधगत्या झोतभट्ट्या आणि लालभडक पोलाद. शाळेच्या भूगोलाने आपल्याला या शहराची तेवढीच ओळख करून दिलेली असते. पण कारखान्याच्या फाटकाकडे पाठ करून एखाद्या सायंकाळी तिथल्या वसाहतीतून तासभर पायी फिरा. एक वेगळेच भिलाई भेटेल. मेंदीच्या कुंपणाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरी अशा उभ्या राहून बोलणाऱ्या बायका, पानठेल्यावर जमलेले पुरुष, आणि प्रत्येक चार वाक्यांमागे उठणारा हशा!

छत्तीसगडी बोलीत गप्पांना एक गोड शब्द आहे, 'गोठ'. गप्पा मारणे म्हणजे 'गोठियाना'. मराठी माणसाला हा शब्द मुळीच परका वाटत नाही, कारण आपली 'गोष्ट' आणि त्यांची 'गोठ' या दोघीही संस्कृत 'गोष्ठी'च्याच लेकी आहेत. भिलाईची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर ती या गोठीतूनच.

नातेवाईक नसलेले शहर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, तरी नागपूर-भिलाईचे जाणे-येणे तुटले नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याहून लोहखनिज आले, नंदिनीहून चुनखडी आली, आणि माणसे आली ती साऱ्या देशातून. आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार आणि अर्थातच महाराष्ट्रातून. शिवाय ज्यांची शेते या कारखान्यासाठी गेली, ते आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगडी लोक होतेच.

वसाहतीत घरे मिळत ती हुद्दा आणि नोकरीची वर्षे पाहून. जात किंवा प्रांत पाहून नव्हे. त्यामुळे तेलुगू कुटुंबाच्या शेजारी बंगाली, त्यांच्या शेजारी मराठी आणि समोर पंजाबी, अशी रांग आपोआप लागली. लोक आजही कौतुकाने या शहराला 'मिनी इंडिया' म्हणतात. सेक्टर ६ मध्ये गुरुद्वारा, मशीद आणि कालीबाडी आहे, तर सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचे मंदिर.

नव्याने संसार मांडणाऱ्या त्या तरुण जोडप्यांच्या हाकेला ना आई होती, ना सासू, ना मावशी. नवरा रात्रपाळीला गेलेला, मूल तापाने फणफणलेले, अशा वेळी दार ठोठवायचे कोणाचे? शेजारणीचेच. पण मध्यरात्री ज्या घराचे दार ठोठवायचे, त्या घराशी दिवसा दोन शब्द बोलणे व्हायला हवे. म्हणून भिलाईच्या या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणणे चुकीचे ठरेल. नातेवाईक नसलेल्या माणसांनी बोलून बोलून जोडलेली ती नाती होती.

गप्पांनाही पाळ्या

कारखाना चालतो सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाच्या पाळीवर. वसाहतीतल्या गप्पाही त्याच घड्याळावर चालतात. सकाळची पाळी मार्गी लागली, मुले शाळेत गेली, की अंगणातल्या गप्पांची पहिली बैठक बसते. दुपारी दोननंतर घरी परतलेल्या पुरुषांची जेवणे होतात आणि जरा वेळाने पानठेले गजबजतात. एकेकाळी पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा येई आणि दोघे-तिघे शेजारी शेजारी सायकल चालवत बोलत घरी जात. आता सायकलींची जागा मोटारसायकलींनी आणि मोटारींनी घेतली आहे. एवढ्या वेगात बोलणे कुठले!

या गप्पांना शिस्तही आहे. कोणत्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपला आहे, हे गल्लीला ठाऊक असते. त्या कुंपणाजवळ आवाज आपोआप खाली येतो. "नाइट आहे का?" एवढे खुणेने विचारले की पुरते.

थट्टा कोणाची करावी?

भिलाईची हिंदी ऐकण्यासारखी आहे. पुरुषाला हाक मारताना शेवटी छत्तीसगडी 'गा' लागतो, बाईला 'ओ'. "का हाल हे गा?" असे कोणी विचारले, की उत्तर येते, "बने हे!" म्हणजे छान आहे. सगळ्या बायका एकमेकींच्या भाभी असतात. पण त्यातही मल्याळी शेजारीण 'चेची' होते, तेलुगू 'अक्का', बंगाली 'बौदी' आणि मराठी वहिनी.

थट्टेचा आवडता विषय म्हणजे खाणे. छत्तीसगडचा चीला हा तांदळाच्या पिठाचा, आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. तो पाहून एखादी अक्का म्हणणार, "हा आमचा डोसाच, फक्त परीक्षेत नापास झालेला!" त्यावर छत्तीसगडी भाभी गप्प बसेल तर शपथ! "तुमचा डोसा आंबेपर्यंत आमचे पाहुणे चीला खाऊन घरीसुद्धा पोहोचतात, अक्का." पोह्यांवरून नागपूरकरांची खेचली जाते. इथे पोह्यांबरोबर जिलेबी खातात आणि नागपूरकर पोह्यांवर झणझणीत तर्री ओततात. "वहिनी, सकाळी सकाळी डोळ्यांतून पाणी काढायला कांदा पुरत नाही का?" असा प्रश्न आला, की वहिनींचे उत्तर तयार असते, "गोड बोलायला आम्हांला जिलेबी लागत नाही!"

या थट्टेचा एक अलिखित नियम आहे. ज्याच्या घरी हक्काने वाटीभर साखर मागायला जाता येते, त्याचीच थट्टा करायची. ज्याच्याशी अजून ओळख मुरलेली नाही, त्याच्याशी आदराने बोलायचे. त्यामुळे नव्याने आलेल्या कुटुंबाची कोणी पहिल्यांदा थट्टा केली, की समजावे, आता ते गल्लीतले झाले. देशात प्रांताप्रांतांवरून कितीदा डोकी फुटली! भिलाईच्या गल्ल्यांनी मात्र तो प्रश्न चीला आणि डोशावर आणून हसण्यावारी नेला.

मितान आणि हुंकार

हे शहाणपण शहराने कुठून आणले? काही अंशी या मातीतूनच. छत्तीसगडच्या खेड्यांत 'मितान' करण्याची जुनी रीत आहे. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी विधिपूर्वक मैत्री जोडतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन जोडली तर 'महाप्रसाद', गंगेच्या पाण्याने जोडली तर 'गंगाजल'. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर, विसर्जित करून मुली 'भोजली' होतात. त्यानंतर ते एकमेकांना नावाने हाक मारीत नाहीत. 'महाप्रसाद' किंवा 'भोजली' हेच नाव. जात वेगळी असली तरी दोन्ही घरे सुखदुःखात सख्ख्यासारखी उभी राहतात. रक्ताचे नसलेले नाते कसे जोडावे, हे ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, तिथेच हे परक्या माणसांचे शहर वसले, हा केवढा योग!

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानीच्या गायनाने जगभर पोहोचल्या. त्यांनी भिलाईच्या कारखान्यातही नोकरी केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत मुख्य गायकासोबत एक 'रागी' असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, चिमटाही काढतो, आणि त्याच्यामुळे भीम-अर्जुनाची कथा पुढे सरकते. शेजारही असाच असतो. आपण बोलत असताना कोणीतरी 'हो का? मग?' म्हणणारे लागते.

बंद होत चाललेली अंगणे

आज मात्र वसाहतीतून फिरताना अनेक घरांना कुलपे दिसतात. कारखान्यात यंत्रे वाढली, कायम कामगारांची संख्या खूप घटली. साठाव्या वर्षी निवृत्ती आली, की घर कंपनीला परत करावे लागते. काहींना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घरे मिळाली. बाकीचे दुर्गला, रायपूरला, नागपूरला किंवा मुलांकडे पुण्या-बंगळूरला गेले. तीस वर्षे ज्या कुंपणाशी उभे राहून मुलांची आजारपणे, परीक्षा आणि लग्ने बोलली गेली, ते सोडावे लागते. नव्या शहरात बंद दारांच्या सदनिकेत बसलेल्या आजीला विचारा, भिलाईचे काय आठवते? कारखाना नव्हे, ती शेजारणीचे नाव घेईल.

मोबाइलवर जुन्या गल्लीचे गट आहेत, सकाळी 'जय जोहार'ही येते. तेही हवेच. पण परसातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या चार शेंगा कुंपणावरून मोबाइलला देता येत नाहीत. आपणही आपल्या इमारतीत समोरच्या दाराशी दोन शब्द शेवटचे कधी बोललो, हे आठवून पाहायला हरकत नाही.

जायचे कसे?

भिलाई मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूरपासून अडीचशेहून थोड्या अधिक किलोमीटरवर आहे. बहुतेक मोठ्या गाड्यांसाठी शेजारचे दुर्ग स्थानक सोयीचे. विमानाने यायचे तर रायपूरला उतरावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुलांना भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण असलेली मैत्रीबाग आणि तिथले पांढरे वाघ दाखवा. रविवारी सुपेल्याच्या बाजारात फेरी मारा. आणि कोणी "का हाल हे?" म्हणून विचारले, तर घाईने पुढे जाऊ नका. "बने हे!" म्हणा आणि थोडे थांबा. पुढची गोठ आपोआप सुरू होईल.