शक्तिमान काऊन नाही येऊन राह्यला?

टीव्ही दुरुस्त करणारा माणूस सेटच्या मागे बसतो. मागचं झाकण उघडलेलं, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि समोर खुर्चीला टेकवलेला घरातलाच आरसा. पडद्यावरचं चित्र त्या आरशात बघायचं आणि मागून प्रीसेट फिरवायचा. आरशात चित्र उलटं दिसतं, पण ते थांबलं की वर पळतंय, आडवे पट्टे गेले की नाही, एवढं कळायला पुरतं. आरशाच्या बाजूला मात्र सारं सुलटं दिसतं: खाली मांडी घालून बसलेली मंडळी आणि त्यांचे चेहरे. जामच्या चौरस्त्यावर मी हा धंदा ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून केला. मालिकांबद्दल मला जे काही कळतं, ते बघणाऱ्यांकडे बघूनच. एका मालिकेच्या शेवटाबद्दल बोलायचं बरीच वर्षं मनात होतं. ती मालिका म्हणजे ‘शक्तिमान’.

आमचं गाव रस्त्यांचं. नागपूरहून निघालेला हैदराबादचा महामार्ग, तेव्हा ७ नंबरचा आणि आता ४४ नंबरचा, इथून हिंगणघाटकडे जातो, आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता इथूनच फुटतो. ट्रकवाल्यांना जाम माहीत असतं ते ढाब्यांमुळे. टीव्हीच्या बाबतीत मात्र आम्ही काठावरचे. दूरदर्शनचा नागपूरचा टॉवर उत्तरेला साठ-सत्तर किलोमीटरवर. तिथून निघालेला सिग्नल इथं येईपर्यंत अशक्त व्हायचा. म्हणून वीस-पंचवीस फुटांचा लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, अँटेनाला बूस्टर, आणि कवेलूंवरून खाली आणलेली चपटी वायर. वारं सुटलं की अँटेना फिरायची. मग एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. “आला का?” “आला... गेला... थोडा इकडं... गेला ना बाप्पा... थांब, थांब, तिथंच ठेव!” ही हाळी त्या काळात जामपासून नंदोरीपर्यंत कोणत्याही वाडीत ऐकू यायची.

‘शक्तिमान’ सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ला. ‘महाभारता’त भीष्म झालेले मुकेश खन्ना शक्तिमान झाले, मालिकेचे निर्मातेही तेच. दिग्दर्शन दिनकर जानी यांचं. ‘महाभारता’तलेच द्रोणाचार्य सुरेंद्र पाल इथं तमराज किल्विष झाले होते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही चेहरे ओळखीचे वाटायचे. आमच्या मराठी अश्विनी काळसेकर त्यात खलनायिका होत्या. परदेशी महानायक दुसऱ्या ग्रहावरून येतो किंवा त्याला कोळी चावतो, हा मात्र ध्यान करून, कुंडलिनी जागवून शक्ती मिळवतो. आणि एरवी तो कोण? पुढे आलेल्या दातांचा, जाड चष्म्याचा, वर्तमानपत्रात फोटो काढणारा गंगाधर. मला वाटतं, खेड्यातली मुलं शक्तिमानाच्या प्रेमात पडली ती अर्धी गंगाधरमुळे. वर्गात ज्याला सगळे चिडवतात तो पोरगा आतून कुणीतरी मोठा असू शकतो, हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं होतं.

मालिका आधी शनिवारी सकाळी उशिरा लागायची, पुढे रविवारी दुपारी बारा वाजता. आपल्याकडे शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटली की पोरं घरी न जाता, दप्तरासकट, ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दुकानात जितके सेट यायचे तितके आठवड्यात कधी यायचे नाहीत. बाप सेट घेऊन यायचा, पण पाठवलेला असायचा पोरानं. “उद्या अकराच्या आत पाहिजे जी,” एवढंच सांगणं. काय बिघडलंय हे सांगायची गरज कुणाला वाटायची नाही. रात्री बसून ते सेट मी द्यायचो, कारण सकाळी न दिल्यावर त्या पोराकडे बघणं मला जमायचं नाही.

वीज नसली की दुसरी सोय. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट सेट बारा व्होल्टवर चालायचे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओसरीत आणायची, दोन क्लिपा लावायच्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बॅटरी म्हणजे जीव की प्राण, पण ती या कामाला काढू देणारे बाप मी पाहिले आहेत. चार्ज उतरत आला की चित्र चारी बाजूंनी आखडत जायचं, शक्तिमान बुटका व्हायचा, आणि पोरं पडद्याच्या आणखी जवळ सरकायची.

खेळही तोच. एक हात वर करून गरगर फिरायचं, चक्कर येऊन पडायचं, उठून परत फिरायचं. मुली गीता विश्वास व्हायच्या. ती पत्रकार, म्हणून हातात वही-पेन. वही घेऊन चौकशी करणारी बाई आमच्या पोरींनी तोवर गावात पाहिलेली नव्हती. किल्विष व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून सगळ्यात धाकट्याला व्हावं लागायचं. पार्ले-जीच्या पुड्यातले शक्तिमानचे स्टिकर दप्तरावर, दारावर, आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या टीव्हीच्या पाठीवरसुद्धा. मी ते कधी काढले नाहीत. गिरडच्या टेकडीवर यात्रेत मरून रंगाचा, छातीवर सोनेरी चक्राचा पोशाख टांगलेला असायचा आणि त्याच्यासमोरून पोराला ओढून न्यावं लागायचं.

याच काळात काही मुलांनी शक्तिमान वाचवायला येईल म्हणून जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्यातल्या काहींच्या खरेपणाबद्दल पुढे वादही झाले. मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन, हे करू नका, असं मुलांना सांगू लागले. त्यांनी ते सांगितलं हे योग्यच केलं. पण मालिका बंद करा म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही सहमत नव्हतो. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ लागायचं. दात घासा, खोटं बोलू नका, चुकलं तर कबूल करा. घरी सांगून कंटाळलेल्या आया ते चालू असताना स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहायच्या, आणि पोरं निमूट ऐकायची. ही ताकद कुठल्याही शाळेच्या फळ्याला नव्हती. आणि जी गोष्ट मुलांच्या मनात इतकी खोल जाते, ती संपवताना तितकीच काळजी घ्यायला हवी. माझं म्हणणं आहे ते इथं.

कारण ती संपवताना काळजी कुणीच घेतली नाही.

दूरदर्शनचा हिशेब आमच्या धंद्यातल्या माणसाला साधारण ठाऊक असायचा. निर्माता प्रक्षेपणाची फी भरतो, बदल्यात त्याला जाहिरातींचा ठरावीक वेळ मिळतो, तो विकून त्यानं खर्च काढायचा. मालिका चालली की फी वाढते. फी वाढत गेली आणि परवडेना, हे बंद करण्याचं कारण मुकेश खन्नांनी पुढे जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यात बघणारेही पांगत होते. चौरस्त्याच्या घरांत केबल आली होती. २००४मध्ये पोगो आणि हंगामा हे मुलांचे दोन नवे चॅनेल सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात दूरदर्शननं स्वतःची फुकट छत्री-सेवा, डीडी डायरेक्ट प्लस, काढली. १९९७ला दुसरीत असलेलं पोरगं आता नववीत होतं आणि शक्तिमान बघतो असं मित्रांसमोर कबूल करत नव्हतं. पण त्याचा धाकटा भाऊ बघत होता. पाइपवरच्या अँटेनावर, केबल न परवडणाऱ्या घरांत, शेवटपर्यंत बघणारी पोरं होती. ती मोजणीत कुठं आली असतील असं मला वाटत नाही.

शेवटचा भाग लागला २७ मार्च २००५ला. रविवार होता, आदल्या दिवशीच धुळवड झालेली. मोठ्या माणसांचं लक्ष बंगळुरूकडे, तिथं भारत-पाकिस्तान कसोटीचा चौथा दिवस चालू होता. त्या उन्हाळ्यात राज्यभर लोडशेडिंग वाढलेलं. मी ज्यांच्या घरी जायचो त्यांच्यापैकी कुणालाही तो भाग शेवटचा आहे हे माहीत नव्हतं. कित्येकांनी तो पाहिलाही नसेल.

मग एप्रिलपासून माझ्याकडे वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या. सेट बिघडला, शक्तिमान येत नाही. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बापाच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून आली होती, चौदा इंची सेट मागे कॅरिअरला बांधलेला. बाप म्हणाला, “बाकी सगळं दिसते, पण हिचा तो येतच नाही.” मी झाकण उघडलं. ट्यूनर साफ होता, पट्टीवर सोल्डरिंग ठीक होतं, पिक्चर ट्यूबही तरुण. दुकानाच्या अँटेनाला जोडलं, आरसा लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. ती आरशात बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. “काकाजी, शक्तिमान काऊन नाही येऊन राह्यला?” मी सांगितलं, सेट चांगला आहे, मालिकाच संपली. ती म्हणाली, “पण किल्विष मेला का?” मला माहीत नव्हतं. तिच्या बापालाही नव्हतं.

असे सेट त्या उन्हाळ्यात बरेच आले आणि एकाचेही पैसे मी घेतले नाहीत, कारण दुरुस्त करायला काही नव्हतंच. पोरांना आपला टीव्ही बिघडला असं वाटत होतं. आठ वर्षं दर आठवड्याला येणारा माणूस निरोप न घेता जाईल ही शक्यता त्यांच्या मनातच येत नव्हती. त्यापेक्षा अँटेना वाकडी झाली, वायर तुटली, हे त्यांना जास्त खरं वाटत होतं. मालिकेच्या चाहत्यांची प्रतिक्रिया म्हणून आता जे लिहिलं-बोललं जातं, त्यात रुसवे, भांडणं, मागण्या असतात. जामच्या पोरांची प्रतिक्रिया ही अशी होती: त्यांनी वाट पाहिली, आणि टीव्ही दुरुस्तीला पाठवला.

याच दूरदर्शनवर याच्या उलट घडलेलं आहे. ३१ जुलै १९८८ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ रामराज्याभिषेकावर थांबलं. लव-कुश नाहीत, वाल्मीकींचा आश्रम नाही. जालंधरमध्ये सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी हे त्यांच्या समाजाचं दैवत, आणि त्यांचाच भाग गाळून गोष्ट पुरी झाली म्हणता, हे त्यांना मान्य नव्हतं. संप इतर शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग लागले, सरकारला हलावं लागलं आणि ‘उत्तर रामायण’ तयार झालं. मला त्या कामगारांबद्दल फार आदर आहे. गोष्ट अर्धी ठेवता येत नाही, हे त्यांनी एका देशाला काम बंद ठेवून सांगितलं. मुलांना संप करता येत नाही. त्यांच्या हातात झाडू नसतो, मत नसतं, आणि २००५च्या पोरांच्या हातात फोनही नव्हता.

शेवट दुःखाचा असला तरी मुलं तो सोसतात, हेही मी पाहिलं आहे. ऐंशीच्या दशकात ‘जायंट रोबोट’ नावाची जपानी मालिका दूरदर्शनवर लागायची. तिच्या शेवटी तो यंत्रमानव शत्रूला घेऊन आकाशात जातो आणि स्वतःला संपवतो. त्याचं हुकूम न ऐकणं हेच त्याचं प्रेम. पोरं ढसाढसा रडली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच शेवट मैदानात खेळून दाखवला. त्यांच्या लेखी गोष्ट पुरी झाली होती. त्यांना तीस वर्षांनीही तो प्रसंग क्रमानं सांगता येतो. शक्तिमानच्या पोरांना पहिला भाग सांगता येतो, शेवटचा येत नाही.

माझा पुतण्या त्याच दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतो. तो परदेशी महानायकांच्या मालिका बघतो. ‘स्मॉलव्हिल’मध्ये दहा वर्षं थांबवून, २०११च्या अगदी शेवटच्या भागात सुपरमॅनचा पोशाख आणला, असं तो सांगतो तेव्हा मला त्या बनवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. दहा वर्षांची उधारी त्यांनी ठरल्या दिवशी फेडली. शेवट जवळ आला की हे तरुण रात्र-रात्र भांडतात, कोण मरेल, कोण उरेल. काहींना तो पोरकटपणा वाटतो. मला वाटत नाही. निदान त्यांना शेवट येतोय हे माहीत असतं, आणि त्याची तयारी करायला वेळ मिळतो.

२०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘शक्तिमान’ परत लावली. आमच्या चौरस्त्यावरून तेव्हा तेलंगणातून निघालेले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत होते, आणि घराघरांत दुपारी एक वाजता तो पुन्हा गरगर फिरत होता. १९९७ची पोरं आपल्या पोरांना घेऊन बसली होती. फेब्रुवारी २०२२मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर चित्रपट जाहीर केला, आणि तेव्हापासून ती भूमिका कुणी करावी यावर बोलणं चालू आहे. मला त्यात रस नाही. नवा शक्तिमान कुणीही होवो. माझं मागणं जुन्या शक्तिमानाबद्दल आहे.

मुलांसाठी मालिका करणाऱ्यांना आणि दाखवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. परवडत नसेल तर मालिका बंद करा, तो तुमचा व्यवहार आहे. पण महिनाभर आधी पडद्यावर मुलांना सांगा की अमुक रविवारी शेवट आहे. तो भाग एकदा सकाळी आणि एकदा रात्री दाखवा, म्हणजे ज्याच्याकडे सकाळी वीज नाही त्याला रात्री मिळेल. आणि किल्विषचं काय झालं, ते त्यात स्पष्ट दाखवा.