काळ्या पडद्यावर अण्णांचा शब्दसंग्रह

"यातले काही मिळेल असे वाटत नाही. डिस्क फॉरमॅट करून देतो, निदान संगणक तरी चालू होईल." दुरुस्तीच्या दुकानातला तरुण सौजन्यानेच बोलत होता, पण ते वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. त्या डिस्कवर माझ्या वडिलांनी चौदा वर्षे वेचलेले शब्द होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. हा शब्दच मुळी कन्नडातला. तेथे त्याचा अर्थ थोरला भाऊ. आमच्या सीमाभागात तो कित्येक घरांतून वडिलांसाठीही रुळला आहे. अण्णा मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला : बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत कानी पडणारे आणि छापील कोशांत सहसा न सापडणारे मराठी शब्द टिपून ठेवायचे. शब्द, अर्थ, ऐकला ते गाव, बोलणाऱ्याचा व्यवसाय आणि त्याच्या जवळचा कन्नड शब्द असल्यास तोही. आरंभी हे सारे वह्यांत होते. एका पावसाळ्यात ओल येऊन दोन वह्या गेल्या, तेव्हापासून ते संगणकावर टंकू लागले. "आता यंत्रात आहे, काळजी नाही," असे ते समाधानाने म्हणत.

अण्णा गेल्यावर वर्षभर त्या संगणकाला हात लावण्याचे मला धैर्य झाले नाही. लावला, तेव्हा पडदा काळा पडला आणि त्यावर इंग्रजीत दोन-तीन पांढऱ्या ओळी उमटल्या. मी घाबरून तो बंद केला. चालू केला, पुन्हा बंद केला. मी आयुष्यभर व्याकरण शिकविले. समोरचे वाक्य नीट वाचावे, मग उत्तर द्यावे, असे मुलांना सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी त्या ओळी वाचल्यादेखील नव्हत्या.

माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "मामा, दुकानात काहीही करायला देऊ नका. डिस्क घरी आणा, आणि आता तिच्यावर एक अक्षरही नवे लिहायचे नाही. दुरुस्ती नंतर. आधी नक्कल." पुढच्या रविवारी तो एक पेनड्राइव्ह आणि नवी कोरी बाह्य डिस्क ठेवून गेला. पेनड्राइव्हवर लिनक्स होते. त्यावरून संगणक सुरू केला की आतली आजारी डिस्क निजलेलीच राहते आणि आपण बाहेरून तिची नाडी पाहू शकतो. पुढले सारे काम मी रात्री जेवणानंतर, कानाशी भाच्याचा आवाज धरून, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून केले. त्या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे देवनागरीत देत आहे.

पहिली आज्ञा 'एलएसबीएलके'. तिने जोडलेल्या डिस्कांची यादी दिली : कोणती जुनी, कोणती नवी, कोणाचे नाव काय. दुसरी 'डीमेसेज'. संगणकाच्या गाभ्याने हार्डवेअरविषयी केलेल्या नोंदी ती दाखविते. त्यांत तेच वाक्य वारंवार येत होते : अमुक क्रमांकाचा सेक्टर वाचता आला नाही. तिसरी 'स्मार्टसीटीएल'. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते, ती ही आज्ञा उघड करते. किती सेक्टर निकामी ठरून त्यांच्या जागी राखीव सेक्टर योजले गेले आणि किती अजून अनिर्णित आहेत, हे दोन्ही आकडे समोर आले. दुसरा आकडा शून्य नव्हता. दुखणे डिस्कच्या पृष्ठभागाचे होते. अण्णांचे शब्द बहुतांशी जागेवर होते. दुकानातले "काही मिळणार नाही" आणि येथले "इतके सेक्टर वाचता येत नाहीत" ही दोन विधाने किती वेगळी आहेत, हे त्या रात्री उमगले.

मग नक्कल. त्यासाठीची आज्ञा 'डीडीरेस्क्यू'. तिची रीत शहाण्या माणसाची आहे : आधी जे सहज वाचता येते ते सगळे उतरवून घ्यायचे, अवघड जागा वगळून पुढे जायचे, आणि शेवटी मागे वळून त्या जागांशी पुन्हा पुन्हा झटायचे. काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा ती वेगळ्या फायलीत लिहिते. वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालू होते.

ही आज्ञा देताना भाच्याने मला तीन वेळा थांबविले. "मामा, आधी जुनी डिस्क, मग नवी. उलट झाले तर कोरी डिस्क अण्णांच्या डिस्कवर उतरेल." मराठीत 'रामाने रावणाला मारले' म्हणा किंवा 'रावणाला रामाने मारले' म्हणा, मरतो तो रावणच, कारण विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून त्याचे नाते सांभाळतो. या आज्ञेत प्रत्यय नाही. तेथे स्थान हाच अर्थ. गंमत अशी की 'डीडी' नावाची जुनी आज्ञा आहे, तिच्यात 'आयएफ' म्हणजे कोठून आणि 'ओएफ' म्हणजे कोठे असे सांगावे लागते; तिला जणू पंचमी आणि सप्तमी आहे आणि क्रम बदलला तरी चालते. पण माझ्या हाती होती ती बिनविभक्तीची. मी ओळ टंकली, मोठ्याने वाचली, देवाचे नाव घेतले आणि एंटरची कळ दाबली. काम पहाटेपर्यंत चालले. सकाळी अगदी थोडे सेक्टर वगळता सारे नव्या डिस्कवर आले होते.

या पडद्याचा आणखी एक स्वभाव ध्यानी आला. काम फत्ते झाले तर पुष्कळशा आज्ञा काहीच बोलत नाहीत. चुकले तरच बोलतात. आरंभी ते मौन रागाचे वाटते, पुढे विश्वासाचे वाटू लागते. मात्र याच मौनात धोकाही आहे. 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा सहसा विचारीत नाही, आणि तिने पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून नक्कल केवळ वाचनापुरती जोडली आणि काम केले ते तिच्याही नकलेवर.

आता फायली पाहावयाच्या. 'फाइल' या आज्ञेने प्रत्येकीची जात सांगितली आणि दोन ढीग झाले. जुन्या फायली युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. त्या फाँटांत मराठी अक्षर पडद्यावर केवळ दिसते. आत साठविलेली असतात रोमन अक्षरांची आणि इतर चिन्हांची स्थाने. फाँट नसेल तर उरतो निव्वळ चिन्हांचा गोंधळ. शिवाय तेथे अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठतात : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे चिन्हामागून चिन्ह बदलून भागत नाही, वेलांट्या आणि रफार उचलून योग्य जागी बसवावे लागतात. 'सेड' या आज्ञेसाठी तक्ता करण्यात माझे तीन आठवडे गेले. दुसऱ्या ढिगातल्या फायली यूटीएफ-८ पद्धतीच्या होत्या. त्या तशाच उघडल्या.

सारे जमा झाल्यावर मी पहिला शोध घेतला तो 'गुऱ्हाळ' या शब्दाचा. कारण घरगुती आहे. आईच्या माहेरी गुऱ्हाळ होते. एका हंगामात अण्णा रोज तेथे जाऊन बसत आणि गुळव्याच्या तोंडचा शब्द न् शब्द टिपीत. 'ग्रेप' ही शोधाची आज्ञा. मी शब्द टंकला, एंटर दाबले. पडदा गप्प. एकही ओळ नाही. न वाचलेल्या सेक्टरांत नेमका तोच हंगाम गेला असे मी समजलो. त्या रात्री आईला काही सांगितले नाही.

दोन दिवसांनी सहज 'काहील' शोधला. धडाधड ओळी आल्या! काहील, चुलवाण, मळी, काकवी, चिपाड, ढेप, सारे होते. आणि त्या ओळींत जागोजागी 'गुऱ्हाळ' हा शब्दही डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. मग तो शोधाला कसा सापडला नाही?

अण्णांच्या ओळीतला शब्द उचलून मी 'डब्ल्यूसी' या मोजणीच्या आज्ञेकडे दिला. उत्तर : ८ चिन्हे, २४ बाइट. मग मी स्वतः टंकलेला दिला : ७ चिन्हे, २१ बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे अण्णांच्या शब्दात एक चिन्ह अधिक होते आणि ते दिसत नव्हते. 'हेक्सडम्प'ने बाइट उलगडून दाखविले तेव्हा उलगडा झाला. ऱ्हाळातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी : साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. अण्णांचा कळफलक दुसऱ्या रीतीचा होता, माझा पहिल्या.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती भाषेच्या अभ्यासकांना आवडेल. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात १२८ स्थाने आहेत. त्यांत ऱ या चिन्हापाशी टीप आहे की ते द्राविडी भाषांतला विशिष्ट र लिहिण्यासाठी आहे, आणि त्याचेच अर्धे रूप म्हणजे हा पापणीसारखा र. आमच्या 'गुऱ्हाळ', 'तऱ्हा', 'शेतकऱ्यांचा' या शब्दांतला र आणि द्राविडी र एकाच घरात राहतात! तक्ता करणाऱ्यांनी ती सोय म्हणूनच केली असेल, पण सीमेवर राहणाऱ्या माणसाला तो योगायोग अगदी ओळखीचा वाटतो.

'सेड'ची एक ओळ लिहून मी सर्वत्र एकच रूप केले. अदृश्य जोडचिन्ह इतरत्रही रीतसर वापरले जाते, म्हणून ते सरसकट पुसले नाही. र आणि हलन्त यांच्या पुढे असेल तेथेच बदल केला. मग पुन्हा ग्रेप. आईच्या माहेरचे गुऱ्हाळ ओळीमागून ओळ पडद्यावर उतरू लागले. काळ्या पडद्यावर मराठीच्या वेलांट्या अजूनही थोड्या सरकलेल्या दिसतात, मात्रा शेजारच्या अक्षराला धक्का देतात. पण मला तेवढे सुंदर मराठी क्वचितच दिसले असेल.

पुढे कळले की १९६९ साली युनिक्सचा पाया घालणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन यांनीच ग्रेप लिहिली, आणि १९९२ साली रॉब पाईक यांच्यासह यूटीएफ-८ची रचनाही त्यांनीच केली. अण्णांचे शब्द ज्या पेटीत जपले गेले ती पेटी आणि ते शोधण्याचा दिवा, दोन्ही एकाच माणसाच्या हातचे निघाले. त्यांना गुऱ्हाळ ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांनी साधने उघडी, साध्या मजकुरावर चालणारी आणि एकमेकींना जोडता येतील अशी ठेवली, म्हणून ती आमच्याही उपयोगी पडली.

सारे मिळाले असे मात्र नाही. त्या डिस्कचा एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे सुमारे १७० मराठी चिन्हांचा. जेथे सेक्टर वाचता आला नाही तेथे फायलीत रिकामे भोक आहे. एका ठिकाणी शब्द शाबूत आहे आणि अर्थ नाहीसा. दुसऱ्या ठिकाणी उलटे. आईला विचारून काही जागा भरल्या. काही शब्द तिने ऐकले, हसली, आणि म्हणाली, "हे त्यांनाच ठाऊक." त्या जागा मी रिकाम्याच ठेवल्या आहेत.

वाचकहो, इंदूरला, ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला, गोव्यात, आपणांपैकी कित्येकांच्या घरी असा एखादा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असेल. त्यात कोणाच्या कविता, कोणाच्या मंडळाचे इतिवृत्त, कोणाच्या आजीच्या ओव्या असतील. तो बिघडला तर घाईने फॉरमॅट करू देऊ नका. पडद्यावरची ओळ आधी वाचा, वहीत उतरवून घ्या. आधी नक्कल, मग दुरुस्ती. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणा, तो साध्या मजकुराच्या फायलींत ठेवा आणि निदान दोन वेगळ्या घरी ठेवा. आणि नव्याने टंकत असाल तर आपला कळफलक 'गुऱ्हाळ' कसे लिहितो तेवढे एकदा मोजून पाहा. सात चिन्हे की आठ, एवढ्यावर उद्या कोणाला तरी तो शब्द सापडणे अवलंबून आहे.