मंथरा आणि मिसेस डिसा

पाद्रीबाबांना बोलपटांचे वेड असावे की नसावे, असा प्रश्न कोणी केलाच तर मी त्याचे उत्तर टाळीन. परंतु मला ते आहे, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामातील मुलांपासून लपून राहिलेली नाही. गेल्या नाताळात त्यांनी मला गाठले आणि विचारले, "फादर, सिनेमातले तुमचे सर्वांत आवडते पात्र कोणते?" मी 'अमर अकबर अँथनी'तील अँथनी गोन्साल्विसचे नाव घेईन, अशी त्यांची खात्री होती. मी ते घेतले नाही, तेव्हा पोरे खट्टू झाली. त्यांच्यापुढे जे सांगता आले नाही, ते आज वाचकांपुढे मांडतो.

अँथनी मला आवडत नाही असे नव्हे. मनमोहन देसाईंच्या १९७७ सालच्या त्या चित्रपटात प्रचंड अंड्यातून बाहेर पडून गाणारा तो उंच माणूस कोणाला आवडणार नाही? त्याच्या नावाचीही एक मौज आहे. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे. शिष्याने गुरुदक्षिणा दिली ती अशी की, गुरूचे नाव देशभरातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. शिवाय पडद्यावरचा अँथनी देवाला आपल्या धंद्यातला भागीदार मानतो. मंदिराच्या छपरासाठी वर्गणीची यादी घेऊन फिरताना असा एखादा भागीदार आपल्यालाही लाभता तर, असे माझ्या मनात येऊन जाते. त्याला वाढवणारे पाद्री मात्र, नझीर हुसेन यांची क्षमा मागून सांगतो, मला कधीच खरे वाटले नाहीत. सिनेमातले पाद्री सदैव शुभ्र झग्यात दारापाशी उभे असतात. त्यांना शाळेचे हिशेब नसतात, की गळके छप्पर नसते.

परंतु त्याच चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. मार खाऊन, पिऊन आलेला अँथनी आरशापुढे उभा राहतो आणि स्वतःच्या कपाळाला लावायची पट्टी आरशातल्या प्रतिबिंबाला चिकटवतो. अमिताभ बच्चन यांनी तो असा वठवला आहे की लोक हसून हसून लोटपोट होतात. मला त्या प्रसंगी हसू येत नाही. आमच्या घरी माझे वडील असेच येत असत, आणि पट्टी लावीत असे ती माझी आई. वडील आता नाहीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग उरलेला नाही; पण शाळेत मित्र मला 'अँथनी' म्हणून हाक मारीत आणि झोकांड्या खाऊन दाखवीत, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते की ही नक्कल मी घरी अधिक जवळून पाहिलेली आहे.

म्हणून हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस पडद्यावर आला की मी आधी त्याच्या हाताकडे पाहतो. 'बॉबी'तील (१९७३) जॅक ब्रॅगेंझाचा हात रिकामा क्वचितच असतो. प्रेमनाथ यांचा अभिनय जोरकस आहे, परंतु त्या पात्रापुढे मला अवघडल्यासारखे होते. उलट बासू चतर्जींच्या 'बातों बातों में' (१९७९) या चित्रपटातील टोनी आणि नॅन्सी हे वांद्र्याहून लोकलने कचेरीत जातात, लग्नाच्या बोलण्यांवरून रुसतात, घरच्यांना भितात. ती आपलीच माणसे वाटतात.

माझे आवडते पात्र मात्र मिसेस डिसा. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त (१९५९) राज कपूर ज्या घरात भाडेकरू असतो, त्या घराची ही मालकीण. भाड्यासाठी त्याच्यावर खेकसते आणि त्या खेकसण्यातच त्याची आई होऊन बसते. शेवटी सदोष औषध घेऊन तिचा मृत्यू होतो, आणि औषध सदोष आहे हे कळूनही कारखानदार नाव जाईल म्हणून गप्प राहतो. या भूमिकेसाठी ललिता पवार यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे १९७१ साली 'आनंद'मध्ये त्याच दिग्दर्शकाने त्यांना इस्पितळाची कडक मेट्रन केले, आणि नाव पुन्हा डिसाच ठेवले. येवल्यात जन्मलेल्या या मराठी बाईने आमच्या समाजातील कोणती बाई पाहून ठेवली होती, कोण जाणे! त्या एके काळी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनटाची थप्पड वर्मी बसली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या डोळ्यानेच पुढे त्यांना खाष्ट सासवा आणि कजाग बाया मिळवून दिल्या.

त्यांतलीच एक मंथरा. रामानंद सागरांचे 'रामायण' १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. रविवारची मिस्सा आटोपताच बेळगावातील आमच्या गल्लीतली सगळी मुले एकाच घरी दूरचित्रवाणीपुढे दाटीवाटीने बसत. मंथरा पडद्यावर आली मात्र, आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि समोरच्या मावशींना नाव मिळाले. मावशी विधवा होत्या. शिवणयंत्रावर वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता, आणि जिभेला धार मूळचीच होती. 'मंथरा' हे नाव प्रथम मीच उच्चारले. ते इतके चपखल होते की गल्लीत त्यांचे खरे नाव मागे पडले.

माझा त्यांच्यावर विशेष राग असे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास त्या आमच्या दारात येऊन ओरडत, "पोरांनो, चला इकडे! मला दिसत नाही, सुईत दोरा ओवून द्या." आणि आम्हा भावंडांना हाताला धरून ओढीत नेत. एक सुई झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. ओवता ओवता आम्ही तेथेच चिंध्यांच्या ढिगावर झोपून जात असू. या म्हातारीला आमच्या झोपेचा एवढा द्वेष का, हे मला कळत नसे.

२००१ साली मी पुण्यास सेमिनरीत होतो. एका रविवारी रात्री विरंगुळ्याच्या खोलीत 'अनाडी' लागला होता. मिसेस डिसा राजवर ओरडत होती. शेजारचा ब्रदर सहज म्हणाला, "अरे, ही तर रामायणातली मंथरा!" मी नीट पाहिले. तोच डोळा, तोच आवाज. आणि एकाएकी माझ्या मनात आले की, रात्री दहा वाजता कोणत्याही शिंपिणीला इतक्या सुया लागत नाहीत. त्या ज्या रात्री येत, त्या सगळ्या रात्री मी आठवून पाहिल्या. वडील गल्लीच्या तोंडाशी दिसले की त्या येत. पुढचा चित्रपट मी पाहिला खरा, पण काय पाहिले ते सांगता येणार नाही.

पुढच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. पापनिवेदनाला जाताना करावी तशी वाक्यांची जुळवाजुळव वाटेत केली होती. त्या खाटेवर बसल्या होत्या. "या ब्रदरसाहेब, चपला बाहेर काढा," असे त्यांनी स्वागत केले. मी मिसेस डिसापासून सुरुवात केली. त्यांनी 'अनाडी' पाहिलाच नव्हता. मग मी अडखळत म्हणालो, "मावशी, आम्ही लहानपणी तुम्हांला एक नाव ठेवले होते..."

"मंथरा. आणि ते तूच ठेवलेस, ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

मी मान हलवली. त्यांनी चाचपडत उशीखालून सुई आणि दोऱ्याचे रीळ काढले आणि माझ्यापुढे धरले. "आलाच आहेस तर एवढा दोरा ओव. आता मात्र खरेच दिसत नाही."