तिसरी तार

नवे यंत्र घेताना माणूस त्याची धार पाहतो, वेग पाहतो, किंमत तर पाहतोच पाहतो. ज्या तारेवर ते चालायचे, त्या तारेकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे दादा म्हणतात, गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि इंदूरच्या आमच्या जुन्या घराच्या मागल्या पडवीत त्यांनी सुतारकामाचा संसार मांडला. एक ड्रिल, १४०० वॅटची गोल करवत आणि लोखंडी अंगाचे एक जुने ग्राइंडर. हौस दांडगी; वायरिंग मात्र वडिलांच्या काळचे. लाकडी पट्टीवरून गेलेल्या दोन तारा आणि दोन पिनांचे सॉकेट.

आम्ही पेशाने भाषेचे शिक्षक. पण येथे लागणारे गणित शाळकरी मुलालाही यावे. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर १३८० वॅट घ्यावेत. करवत तेथेच मर्यादा ओलांडते. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी पट अधिक प्रवाह ओढते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट आणि अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची स्वतंत्र तारच हवी. याविषयी वाद झाला नाही. वाद झाला तो तिसऱ्या तारेवरून.

वायरमन म्हणाला, "सर, सॉकेट तीन पिनांचे लावतो आणि अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रललाच जोडून देतो. नवी तार ओढायला नको, खड्डा खणायला नको. खर्च वाचेल."

दादांना ते पटले. "हे घर पन्नास वर्षं दोन तारांवर चाललं. तू उगाच फाटे फोडू नकोस," ते आम्हांला म्हणाले.

दादांचे म्हणणे खोटे नव्हते; पण त्या पन्नास वर्षांत या घरात दिवे आणि पंखेच फिरले. लोखंडी अंगाचे यंत्र हातात धरून, पावसाने ओलावलेल्या फरशीवर अनवाणी कोणी उभे राहिले नव्हते. न्यूट्रल जोवर शाबूत आहे तोवर ती युक्ती खपून जाते. मागे कोठे ती तुटली, तर मोटारीतून येणारा प्रवाह त्याच जोडणीने यंत्राच्या अंगावर उतरतो. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर खटका दाबताच सारे लोखंड जिवंत होते. रक्षणासाठी लावलेली पिनच मग घात करते. पडवीत दादांच्या पायांशी नातवंडे खेळत असतात, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. ते गप्प झाले.

मग अंगणात रीतसर अर्थिंग झाले आणि हिरवी तार पडवीपर्यंत आली. प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब का, हे दादांनीच नातवाला समजावून दिले: ती सर्वांच्या आधी जुळते आणि सर्वांच्या शेवटी सुटते. ड्रिलला दोनच पिना पाहून नातवाने चूक काढली, तेव्हा त्याला ड्रिलवरील चौकोनातला चौकोन दाखवला. ज्या यंत्राला दुहेरी आवरण असते, त्यावर ती खूण असते. त्याला अर्थ लागत नाही.

बोर्डावर एमसीबीच्या शेजारी आरसीसीबीही बसवली. वाचकांनी या दोहोंत गल्लत करू नये. १६ अँपिअरची एमसीबी तारेला जपते. माणसाचा जीव त्याच्या शतांशाहून कमी प्रवाहानेही जाऊ शकतो, आणि तेवढ्याने ती हलतही नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. एक्स्टेंशनची तार जाड घ्यावी आणि वापरताना पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली तार आतल्या आत तापते.

खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि दादांनी तो आम्हांला दोनदा ऐकवला. आरसीसीबीवर तपासणीचे एक लहान बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. दर वेळी घर क्षणभर बंद पडते, पडवीतून दादांचा वैतागलेला आवाज येतो, आणि आम्ही निश्चिंत होतो.