शेपूट जड झालं त्याची गोष्ट

बाबांना न सांगता नोकरी बदलली, तेव्हापासून घरात अबोला. मग माझं सगळं लक्ष माझ्या ‘एक्स्ट्रा ३००’मध्ये! सव्वादोन मीटर पंखांचं, ५० सीसी पेट्रोल इंजिनचं रिमोटवरचं विमान. कसरती कडक व्हाव्यात म्हणून शेपटीत दणकट सर्व्हो बसवले. वजन वाढलं जेमतेम ६० ग्रॅम. पण शेपूट पंखापासून लांब, त्यामुळे तोल पार मागे गेला. असं विमान हवेत बिथरतं, स्टिकला जरा बोट लागलं की उसळतं.

तोल बघायला माणसं दोन लागतात, दोन्ही पंखांखाली बोटं धरायला. नाइलाजाने बाबांना हाक मारली. टाकी रिकामी करून विमान उचललं. शेपूट खाली!

‘नाकात शिसं भरतो,’ मी म्हणालो.

‘उगाच वजन कशाला वाढवतोस? आहे ती बॅटरी पुढे सरकव की!’ आयुष्यभर कारखान्यात फिटर होते ते. महिन्याभरातलं हे पहिलं वाक्य.

रविवारी विमान ४५ अंशांत चढवलं, उलटं केलं आणि स्टिक सोडली. नाक अगदी किंचित, हळूच खाली आलं. म्हणजे जमलं!

‘नव्या ठिकाणी पगार तरी बरा आहे ना रे?’ बाबांनी आकाशाकडे बघतच विचारलं.